हात फिरला, पण गाडी कधी वळली?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हाला भेटायला आला. नोकरी लागून दोन वर्षे झाली होती आणि साठवलेल्या पैशांतून त्याने एक जुनी हॅचबॅक गाडी घेतली होती. गाडी दाखवण्याची हौस होतीच, पण चेहरा उतरलेला होता. खोदून विचारले तेव्हा हकिकत कळली. गाडी शर्यतीच्या गाडीसारखी चपळ वळावी म्हणून त्याने मूळचे स्टिअरिंग काढून लहान आकाराचे बसवून घेतले होते आणि टायरही रुंद घातले होते. महूहून परतताना बायपासवर एक कुत्रे आडवे आले. त्याने हात झटकन फिरवला. गाडी आधी सरळच गेली आणि मग एकदम इतकी वळली की दुभाजक वीतभर अंतरावर राहिला. कोणाला लागले नाही. घरी मात्र त्याने हे सांगितले नव्हते.

“सर, स्टिअरिंग तेज करून घेतले, तरी गाडी वेळेवर का ऐकली नाही?” एवढाच त्याचा प्रश्न होता.

प्रश्न चांगला होता आणि त्याचे पुरते उत्तर आमच्याकडे नव्हते. म्हणून विज्ञान मंडळाचे आम्ही शिक्षक आणि दहावीची चार मुले-मुली असे सगळे मिळून एका रविवारी आपल्या एका पालकांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी गाडी जॅकवर उचलली, पुढचे चाक दोन्ही हातांनी धरले आणि डावी-उजवीकडे हलवले. खट् खट् असा आवाज आला. टाय रॉडच्या टोकाचा सांधा झिजला होता. स्टिअरिंग दोन बोटे फिरवले तरी चाक जागचे हलत नव्हते. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “पहले ढील निकालो, फिर तेज करो.”

मित्रांनो, या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे ते सारे या एका वाक्यात आले. पण ते खरे का, हे समजून घेणे गमतीचे आहे. त्यात आठवीचे उत्तोलकही आहेत आणि नववीचे गतिविषयक समीकरणही.

दोन गोष्टी, एक नाव

‘चपळ स्टिअरिंग’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. पहिली म्हणजे गुणोत्तर. स्टिअरिंग किती अंश फिरवले म्हणजे पुढची चाके एक अंश वळतात, ते हे गुणोत्तर सांगते. दुसरी म्हणजे विलंब. हात फिरल्यापासून गाडी प्रत्यक्ष वळू लागेपर्यंत जो वेळ जातो, तो विलंब. गुणोत्तर बदलले म्हणून विलंब जात नाही आणि विलंब घालवायला गुणोत्तर बदलावेच लागते असेही नाही.

आधी गुणोत्तर पाहू. आजच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगच्या दांडीच्या खालच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका आडव्या दातेरी पट्टीवर फिरते, ती पट्टी म्हणजे रॅक. रॅक डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड चाकांना वळवतात. घरी एक प्रयोग करून पाहा. एक रुपयाचे नाणे पट्टीवर उभे धरून एक पूर्ण फेरी होईपर्यंत लोळवा आणि अंतर मोजा. मग एखादी बांगडी तशीच लोळवा. एकाच फेरीत बांगडी कितीतरी जास्त अंतर कापते. पिनियन मोठे तर रॅक जास्त सरकते आणि चाक जास्त वळते. म्हणजे स्टिअरिंग ‘तेज’ झाले.

गुणोत्तर १८:१ असेल तर स्टिअरिंग पाव फेरी, म्हणजे ९० अंश फिरवल्यावर चाके ५ अंश वळतात. १५:१ असेल तर ६ अंश. १०:१ असेल तर ९ अंश. पण उत्तोलकाचा नियम इथेही सुटत नाही. हालचाल जितकी वाचते तितका जोर वाढतो. १५:१ वरून १०:१ वर गेलो तर हाताला दीडपट जोर लावावा लागतो.

आता आपल्या माजी विद्यार्थ्याने केलेला बदल पाहा. समजा मूळचे स्टिअरिंग ३८० मिलिमीटर व्यासाचे होते आणि नवे ३४० मिलिमीटरचे. पाव फेरीसाठी हाताला पूर्वी सुमारे ३० सेंटिमीटर जावे लागे, आता सुमारे २७. बचत एवढीच. पिनियन तेच, रॅक तीच, म्हणून गुणोत्तरही तेच. जोर मात्र साधारण १२ टक्के वाढला. आणि आजकाल मूळच्या स्टिअरिंगच्या मधोमध चालकाची एअरबॅग असते. ते काढले की तीही गेली. तीन सेंटिमीटर वाचवण्यासाठी ही फार मोठी किंमत झाली.

एका छोट्या गाडीचा धडा

मग जाणकार लोक हे काम कसे करतात? याचे चांगले उदाहरण म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. हिरोशिमाच्या या कंपनीने ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये आणली. अमेरिकेत ती मियाता आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. इंजिन साधे १.६ लिटरचे, पण गाडीचे वजन जेमतेम ९५० किलोच्या आसपास. हलकेपणा हाच तिचा गुण. अमेरिकेत आणि जपानमध्ये या गाड्या घेऊन मोकळ्या मैदानावर शंकू मांडून त्यांतून वेळ लावून गाडी काढण्याच्या स्पर्धा होतात. तिथे एका सेकंदाच्या दहाव्या भागालाही मोल असते. त्यामुळे या गाडीचे स्टिअरिंग आणखी चपळ कसे करावे याचा हौशी मंडळींनी खूप खोलवर अभ्यास केला आहे.

या पहिल्या पिढीच्या गाडीत दोन प्रकारची स्टिअरिंगे मिळत. साध्या, म्हणजे पॉवरची मदत नसलेल्या स्टिअरिंगचे गुणोत्तर सुमारे १८:१ होते आणि पॉवर स्टिअरिंगचे सुमारे १५:१. पहिल्यांदा ऐकताना नवल वाटते, पण कारण उघड आहे. तेलाच्या दाबाची मदत नसेल तर गाडी उभी करताना हात भरून येतील, म्हणून कंपनीने साध्या रॅकचे गुणोत्तर मुद्दाम संथ ठेवले. पॉवर असेल तर तेज गुणोत्तर परवडते.

शर्यतीच्या हौशी लोकांना दोन्हींतले चांगले तेवढे हवे होते. १५:१ ची तेजी हवी आणि साध्या रॅकमधून रस्त्याची जी खबर हाताला लागते तीही हवी. त्यांनी काढलेली वाट अशी: रॅक पॉवर स्टिअरिंगची घ्यायची आणि तिच्यातली तेलाची मदतच काढून टाकायची. गाडी हलकी असल्याने हे जमते. चालत्या गाडीत जोर फारसा जाणवत नाही, उभ्या गाडीत मात्र दंड दुखतात.

यात एक बारकावा आहे आणि आमच्या मिस्त्रींचे वाक्य त्यातूनच पटते. तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये पिनियनजवळ एक बारीक पोलादी दांडी असते. आपण स्टिअरिंगला जोर लावला की ती किंचित पिळते. त्या पिळामुळे व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्या बाजूला वळायचे त्या बाजूला तेलाचा दाब मदतीला येतो. मदत चालू असताना हा पीळ उपयोगी असतो. मदत काढून टाकली की तोच पीळ ढिलाई होऊन बसतो. हात थोडा फिरतो, दांडी पिळते आणि चाक अजून सरळच. म्हणून रॅक पूर्ण उघडून पिनियन आणि ती दांडी पक्की जोडून टाकतात. रॅकवरचे तेल ढकलणारे सीलही काढतात, नाहीतर तेल किंवा हवा नुसतीच इकडून तिकडे ढकलण्यात हाताचा जोर वाया जातो. काही जण हे सगळे टाळून तेलाच्या दोन नळ्या एकमेकींना जोडतात आणि काम झाले म्हणतात. त्यांचे स्टिअरिंग जडही होते आणि सुस्तही.

म्हणजे तेज रॅक हातात असतानाही खरी मेहनत ढिलाई काढण्यातच आहे. तीच गोष्ट रॅक गाडीला जिथे बसते तिथल्या रबरी बुशांची. रबर जुने झाले की चाके वळण्याआधी अख्खी रॅकच थोडी सरकते. नवे किंवा जरा कडक बुश घातले की हात आणि चाक यांच्यातले एक अंतर मिटते. टाय रॉडची टोके, बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या दांडीतले सांधे हे सारे याच साखळीचे दुवे. प्रत्येक दुव्यात थोडी थोडी ढिलाई असली तरी बेरीज मोठी होते. बायपासवर आपल्या विद्यार्थ्याच्या हाताची पहिली झटक ही बेरीज फेडण्यातच गेली. गाडी हलत नाही म्हणून त्याने हात आणखी फिरवला आणि ढिलाई संपताक्षणी तो सगळा फेरा एकदम चाकांपर्यंत पोचला.

शेवटचा शब्द टायरचा

चाक वळले म्हणजे गाडी वळली असेही नाही. गाडीला वळवतो तो टायर, आणि टायर रबराचा आहे. एक खोडरबर टेबलावर दाबून धरा आणि वरून हलकेच पिळा. वरचा भाग फिरतो, तळ मात्र टेबलाला चिकटून राहतो. टायरचे असेच होते. चाक वळल्यावर जमिनीला टेकलेला भाग आधी मागे रेंगाळतो, टायर थोडा पुढे लोळतो, रबराला पीळ बसतो आणि मग बाजूला ढकलणारा जोर तयार होतो. हा जोर बराचसा तयार व्हायला ढोबळमानाने अर्धा मीटर लोळावे लागते. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाताना यात सेकंदाचा सुमारे विसावा भाग जातो. त्यानंतर गाडीचे धूड एका बाजूला कलते, स्प्रिंगा दबतात आणि मग गाडी खऱ्या अर्थाने वळणात स्थिरावते.

एमएक्स-५ ला कंपनीने १८५/६० आर १४ मापाचे टायर दिले होते. यातला ६० हा आकडा सांगतो की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर आहे. हौशी लोक बहुधा १९५/५० आर १५ घालतात. त्यात ही उंची सुमारे ९८ मिलिमीटर होते. भिंत बुटकी म्हणजे कमी लवचीक, आणि कमी लवचीक म्हणजे जोर लवकर तयार होतो. चाकाचा एकूण व्यास मोजा: पहिल्याचा सुमारे ५७८ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा सुमारे ५७६. जवळजवळ तेवढाच. म्हणून वेगदर्शक काटा चुकत नाही आणि टायर कुठे घासतही नाही. माप बदलताना असा हिशेब करावा लागतो. दुकानात उठून दिसणारा सर्वांत रुंद टायर घेणे म्हणजे हिशेब नव्हे. आपल्या विद्यार्थ्याचे रुंद टायर रिमसकट बाहेर आले होते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढले जात होते.

टायरनंतर येते चाकांची दिशा, म्हणजेच व्हील अलाइनमेंट. वरून पाहिले असता पुढच्या दोन्ही चाकांची तोंडे किंचित बाहेरच्या बाजूला ठेवली तर गाडी वळणात उत्सुकतेने शिरते. शर्यतीतले लोक असे करतात. पण मग सरळ रस्त्यावर ती अस्वस्थ होते, सारखी सावरावी लागते आणि टायर लवकर झिजतात. रोजच्या गाडीत कंपनीने सांगितलेले मापच ठेवणे शहाणपणाचे.

चपळतेची किंमत

रॅकही बदलायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, आणि का ते आकड्यांतच पाहू. शर्यतीच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या दांडीत एक छोटी गिअरपेटी बसवून १५:१ चे १०:१ करता येते. समजा दोन गाड्या ताशी १०० किलोमीटरने चालल्या आहेत आणि दोघांचेही दोन धुऱ्यांमधले अंतर एमएक्स-५ इतके, म्हणजे २.२६५ मीटर आहे. चालकाला शिंक आली आणि हात फक्त ५ अंश हलला. स्टिअरिंगच्या कडेवर हे दीड-पावणेदोन सेंटिमीटर होते. टायरचे सरकणे बाजूला ठेवून हिशेब केला तर १५:१ ची गाडी एका सेकंदात सुमारे १ मीटर बाजूला जाते आणि १०:१ ची सुमारे दीड मीटर. मैदानावरच्या शंकूंमध्ये हाच अर्धा मीटर बक्षीस देतो. शेजारून ट्रक चाललेला असताना तोच अर्धा मीटर जीव घेऊ शकतो.

कंपन्यांनाही हा पेच पडतोच. होंडाने २००० साली जपानमध्ये एस २००० या स्पोर्ट्स कारच्या एका प्रकारात वेगानुसार गुणोत्तर बदलणारे स्टिअरिंग दिले. संथ वेगात तेज आणि जास्त वेगात संथ. त्याचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे पूर्ण वळण अवघ्या १.४ फेऱ्यांचे होते. म्हणजे जास्त वेगात सगळी तेजी चालकाच्या हातात द्यायची नाही, हे त्यांनीही मान्य केले.

आपल्या अंगणात

हे सगळे दूरच्या देशांतले वाटत असेल तर आपल्या इंदूरच्या शेजारी पीथमपूर आहे. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा मार्ग आहे आणि त्याचे उद्‌घाटन २०२१ मध्ये झाले. देशभरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या खडबडीत रस्त्यावरच्या गाड्या पळवतात ती बाहा स्पर्धा २००७ पासून पीथमपूरलाच भरत आली. अशी गाडी बांधताना रॅक कोणती, गुणोत्तर किती, हाताला जोर किती लागेल हे सगळे मुलांना स्वतः ठरवावे लागते आणि परीक्षकांपुढे त्याची कारणे सांगावी लागतात. ज्यांना या विषयाची ओढ आहे त्यांच्यासाठी हा खरा रस्ता आहे.

सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. पण कायद्याची भीती हे दुसरे कारण झाले. पहिले कारण ते वीतभर अंतर.

त्या गाडीचे पुढे काय झाले?

मूळचे स्टिअरिंग सुदैवाने घरच्या माळ्यावर होते. ते एअरबॅगसह नीट बसवून तपासून घेतले. टाय रॉडची दोन्ही टोके नवी घातली. टायर आणि रिम मूळच्या मापाचे आणले, हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी भरली आणि शेवटी अलाइनमेंट केले. खर्च झाला तो आधी केलेल्या खर्चाच्या मानाने थोडा होता. मग त्याने आम्हाला गाडीत बसवून एक फेरी मारली. गुणोत्तर कंपनीने दिले होते तेच, पण हात हलला की गाडी हलत होती. “सर, ही माझीच गाडी आहे का?” असे त्याने विचारले आणि हसला. त्याच संध्याकाळी त्याने घरी सगळे सांगितले, असे नंतर त्याच्या आईकडून कळले.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरी गाडी असेल तर आई-बाबांना ती मोकळ्या जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून आणि हँडब्रेक लावून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. तुम्ही बाहेर, चाकांपासून दूर उभे राहून फेऱ्या मोजा. एमएक्स-५ च्या पॉवर रॅकला २.८ फेऱ्या लागतात. २.८ ला ३६० ने गुणा आणि १५ ने भागा. उत्तर सुमारे ६७ येते, म्हणजे पुढची चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ६७ अंश वळतात. तुमच्या गाडीची चाकेही जवळपास तेवढीच वळतात असे धरून तिचे गुणोत्तर काढा आणि वहीत लिहून आणा. स्टिअरिंग फिरूनही चाक जागचे हलत नाही असे दिसले, तर तो आकडा मात्र वहीत ठेवू नका. त्याच दिवशी मिस्त्रींना दाखवायला सांगा.